छप्पन नावाचा माणूस

'पर्ल हार्बर' पाहिलाय ना? होस्टेलमध्ये राहून तो न पाहिलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय. त्यात जपानी आरमाराचा एक शांत चेहऱ्याचा ॲडमिरल आहे, इसोरोकु यामामोतो. ७ डिसेंबर १९४१च्या हल्ल्यामागचं डोकं त्याचं. त्या एका सकाळी चोवीसशेच्या आसपास अमेरिकन माणसं गेली, आणि पुढे काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच्या लढाईवर लिहायचं नाहीये. मला लिहायचंय त्याच्या नावावर. कारण 'इसोरोकु' या नावाचा अर्थ आहे छप्पन. हो, आकडा! ५६.

(नावाबद्दलचं शेक्सपियरचं ते वाक्य मी इथे टाकणार नाही. मॅगझिनच्या दर अंकात ते कुठे ना कुठे येतंच.)

छप्पन का? तर ४ एप्रिल १८८४ला नागाओका नावाच्या गावात हे बाळ जन्मलं, तेव्हा त्याचे वडील छप्पन वर्षांचे होते. बस्, एवढंच कारण. वडिलांचं नाव सादायोशी ताकानो. घराणं सामुराईंचं, पण १८६८च्या यादवीत नागाओका हरणाऱ्या बाजूला होतं, त्यामुळे तलवारीचा थाट संपलेला. घरात आधीच मोठी मुलं. त्यात या वयात आणखी एक मुलगा. बापाने ना देवाचं नाव ठेवलं, ना 'शूर', 'विजयी' असलं काही. स्वतःचं वय लिहिलं आणि मोकळा झाला.

आता भाषेची गंमत बघा. जपानीत आकड्यांच्या दोन माळा आहेत. एक अस्सल जपानी, 'हितो, फुता, मि' अशी चालणारी. दुसरी चीनमधून आलेली, 'इचि, नि, सान'. रोजच्या व्यवहारात छप्पनला 'गो-जू-रोकु' म्हणतात, म्हणजे पाच-दहा-सहा, सगळं चिनी माळेतलं. पण या नावातला 'इसो' हा पन्नाससाठीचा जुना अस्सल जपानी शब्द आहे आणि 'रोकु' हा चिनी माळेतला सहा. म्हणजे आपण 'फिफ्टी-सहा' म्हणावं तसलाच प्रकार! कागदावर मात्र तीच तीन अक्षरं, पाच, दहा, सहा. ज्याला माहीत नाही तो सरळ आकडा म्हणून वाचणार.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक माहिती. इसुझू ही गाड्यांची कंपनी, जिचं इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये यायचं, तिच्या नावातही हाच जुना पन्नास लपलाय. लिहिताना 'पन्नास घंटा' असं लिहितात. इसे इथल्या देवस्थानाजवळून वाहणाऱ्या नदीचं हे नाव, तिच्यावरून कंपनीचं.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आमच्यासारख्यांचं आकड्यांशी जरा वेगळंच नातं असतं. कोणी 'छप्पन' म्हटलं की डोक्यात आधी फिफ्टी-सिक्स उमटतं आणि मग एका सेकंदाने छप्पन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जागी 'वीस एक' अशी पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला! माझी आजी तेव्हा भयंकर चिडली होती. तिच्या मते 'छप्पन' या शब्दाला जी चव आहे ती 'पन्नास सहा'ला कुठून येणार? 'तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत' हे 'पन्नास सहा पाहिलेत' असं म्हणून बघा. भांडण तिथेच संपेल.

तर, जपानी नावांत आकडे असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. इचिरो म्हणजे पहिला मुलगा, जिरो दुसरा, साबुरो तिसरा, अशी रांगच आहे. ज्युरो म्हणजे दहावा. आणि अकरावा झाला तर? त्याचीही सोय आहे, योइचि, म्हणजे दहाच्या वर उरलेला एक! ११८५च्या याशिमाच्या लढाईत घोड्यावरून बाण मारून शत्रूच्या नावेवरचा पंखा पाडणारा नासु नो योइचि हा खरोखरच अकरावा मुलगा होता म्हणतात. आपला होंडावाला सोइचिरो, त्याच्या नावातही 'पहिला मुलगा' आहे आणि तो थोरलाच होता. पण बेसबॉलचा इचिरो सुझुकी, जो २०२५ मध्ये अमेरिकेच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तो आहे दुसरा मुलगा! त्याच्या नावातलं 'रो' हे मुलगा या अर्थाचं अक्षर नसून 'प्रसन्न' या अर्थाचं आहे. उच्चार तोच, हिशोब वेगळा.

पण ही सगळी नावं मुलाचा नंबर सांगतात. घरात तू कितवा. इसोरोकु बापाचा नंबर सांगतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. बहुतेक नावांत आईबाप मुलासाठी काहीतरी मागत असतात, तेज, यश, दीर्घायुष्य. इथे काही मागणंच नाही. 'तू आलास तेव्हा मी एवढ्या वयाचा होतो', एवढी नोंद. आणि ती नोंद मुलाने जन्मभर बाळगायची.

जन्मभर, कारण काळ तसा होता. त्याआधी सामुराई माणसाचं नाव आयुष्यात दोन-तीनदा बदलायचं. लहानपणीचं एक, मोठा झाल्यावर दुसरं, शिवाय रोज हाक मारायचं निराळं. १८७२ साली मेइजी सरकारने हे बंद केलं. एका माणसाला एकच नाव, आणि वाटेल तेव्हा ते बदलायचं नाही. इसोरोकु त्यानंतर बारा वर्षांनी जन्मला. वीस-पंचवीस वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित छप्पन हे लाडाचं नाव म्हणून राहिलं असतं आणि तलवार कमरेला लागल्यावर दुसरं भारदस्त नाव मिळालं असतं. तसं झालं नाही. १९१६ मध्ये, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी, नागाओकाच्याच यामामोतो घराण्यात वारस नव्हता म्हणून तो दत्तक गेला. ताकानो हे आडनाव सुटलं. छप्पन राहिलं.

आणखी एक हिशोब मी मांडला. जुन्या जपानी रीतीने मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि पुढे वाढदिवसाला नाही, तर नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्यांचं वय एकदम वाढतं. (सी लँग्वेजवाले म्हणतील, ॲरे एकपासून सुरू केला!) या रीतीने १८८४ साली एक, तर इसोरोकु स्वतः छप्पन वर्षांचा कधी झाला? १९३९ मध्ये. आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला त्याची जपानच्या संयुक्त आरमाराचा सरसेनापती म्हणून नेमणूक झाली. योगायोगच, दुसरं काय. पण त्या वर्षी सही करताना त्याला एकदा तरी बाप आठवला असेल, असं मला उगीच वाटतं. पुढे चारच वर्षांत, १८ एप्रिल १९४३ला, अमेरिकनांनी जपानी गुप्त संदेश फोडून त्याचं विमान बूगनव्हिल बेटावर पाडलं. आपल्या हिशोबाने तेव्हा तो एकोणसाठचा होता.

म्हाताऱ्या बापांची जपानी इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. तोयोतोमी हिदेयोशी, सगळा जपान एका छत्राखाली आणणारा. त्याला मूल टिकत नव्हतं. १५८९ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने त्याला हाक मारायचं नाव ठेवलं 'सुते', म्हणजे टाकून दिलेला. टाकलेलं मूल चांगलं जगतं अशी समजूत होती. आपल्याकडे दगडू आणि धोंडू ज्या भीतीपोटी व्हायचे, तीच ही भीती. तरी ते पोर १५९१ मध्ये गेलंच. १५९३ मध्ये पुन्हा मुलगा झाला. या वेळी नाव ठेवलं 'हिरोइ', उचलून आणलेला. हिदेयोशीचं जन्मसाल १५३७ धरलं तर त्या वर्षी तो होता... छप्पन! मुलगा पाच वर्षांचा असताना बाप गेला.

हे मी एवढं का शोधत बसलो त्याला कारण आहे. मी जन्मलो तेव्हा माझे बाबा शेहेचाळीस वर्षांचे होते. मी सातवीत असताना ते रिटायर झाले. माझी फी पेन्शनीतून जाते. पहिल्या वर्षी ते मला सोडायला होस्टेलवर आले होते, ट्रंक धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, आणि बाजूच्या खोलीतल्या एकाने अगदी चांगल्या मनाने खुर्ची पुढे करून म्हटलं, "आजोबा, बसा." बाबा बसले. पाणीही प्यायले. दुरुस्ती त्यांनी केली नाही, मीही केली नाही. तेव्हापासून कोणाचाही जन्म आणि बापाचं वय समोर आलं की माझी वजाबाकी आपोआप सुरू होते. मी पास आउट होईन तेव्हा बाबा किती, नोकरीत कायम होईन तेव्हा किती. जपानमध्ये असतो तर माझं नाव 'शेहेचाळीस' असतं आणि ही वजाबाकी रोज हजेरीच्या वेळी सगळ्या वर्गासमोर झाली असती.

इसोरोकुची गोष्ट मी दिवाळीत बाबांना सांगितली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "छप्पन? म्हणजे रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिली होती बिचाऱ्याची." मग पुन्हा पेपर वाचायला लागले.

हे नाव दुर्मिळ का, याचं उत्तर त्याच्या बनावटीतच आहे. इचिरो कुठल्याही घरात होऊ शकतो, पहिला मुलगा सगळ्यांनाच होतो. इसोरोकुसाठी मात्र बाप बरोबर छप्पनचा लागतो, एक वर्ष इकडे नाही की तिकडे नाही. त्यातून ज्याने ते गाजवलं त्याची सावली अशी पडलीय की जपानी माणसाला 'इसोरोकु' म्हटलं की तो एकच चेहरा आठवणार. आपल्याकडे 'असे छप्पन पाहिलेत' म्हणतात. तिथे छप्पन एकच!

कायद्याने अडचण काहीच नाही. युद्धानंतर १९४८ पासून जपानमध्ये नावात कुठली अक्षरं चालतील याची यादी आहे, पण पाच, दहा, सहा ही तर शाळेतली साधी अक्षरं. आणि २६ मे २०२५ पासून नावाचा उच्चारही कुटुंबाच्या सरकारी नोंदीत घालावा लागतो, तोवर नुसती अक्षरं पुरायची. म्हणजे आज एखाद्या छप्पन वर्षांच्या बापाने हे नाव ठेवलंच, तर ते 'गो-जू-रोकु' नाही, 'इसोरोकु' आहे, हे सरकारदरबारी पक्कं नोंदलेलं असेल.

खुद्द इसोरोकुला पहिला मुलगा झाला १९२२ मध्ये. तेव्हा तो स्वतः अडतीस वर्षांचा होता. मुलाचं नाव त्याने योशिमासा ठेवलं. त्यात एक अक्षर न्यायाचं, एक सचोटीचं. आकडा एकही नाही.