पिशवी गेली, उचल राहिली

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आरोग्य विम्याची चौकशी करत फिरताना पस्तिशीच्या एका ताईनं मला आपली कागदं दाखवली. सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका कॅरीबॅगेत. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर धरते, एवढीच तिची तक्रार होती. खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तिनं काढून टाकली.

घरात केशरी रेशनकार्ड होतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेला ते चालतं, पण दवाखाना योजनेतला हवा. हा नव्हता. "कार्डाचं कुणी इचारलंच नाही भाऊ, मुकादमाकडून उचल वाढवून घेतली," ती म्हणाली. ती आणि तिचा नवरा ऊस तोडायला जातात. ऊसतोडीत मुकादमाकडून मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घ्यायची आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एक जण फडावर आलं नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. फडावर ना न्हाणीघर, ना संडास. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायचीच. अशा बाईला डॉक्टरनं 'एकदाची कटकट जाईल' म्हटलं, तर ती नाही कशी म्हणणार?

अशी ती एकटी नव्हती. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

विमा मिळाला असता तर हे टळलं असतं, असं वाटणं साहजिक आहे. पण बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातला अनुभव उलटा. तिथे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं, आणि त्या पैशावर डोळा ठेवून गरज नसताना गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी आल्या. याविरुद्ध आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयानं सर्व राज्यांना केंद्राची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. थोडक्यात, कार्ड असलं तरी पिशवी जाते, नसलं तरी जाते.

पुण्या-मुंबईत शरीराच्या याच भागाचा वेगळाच बाजार आहे. योनिमार्ग 'पुन्हा तरुण' करून देण्याच्या, लेझरनं घट्ट करण्याच्या जाहिराती तिथे दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ३० जुलै २०१८ ला अशा उपकरणांबद्दल इशारा दिला होता: भाजणं, व्रण पडणं, दुखणं मागे लागणं. मेडिक्लेम कंपन्या याचे पैसे देत नाहीत. विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमानुसार सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच सूट. मात्र अंग बाहेर येत असेल, त्यामुळे लघवीचा त्रास असेल, तर त्याच भागाची दुरुस्ती उपचारात मोडते. बहुतेक पॉलिसींत त्यालाही, आणि गर्भाशय काढण्यालाही, दोनेक वर्षं थांबावं लागतं.

या ताईला आता तसंच काहीसं होतंय. वजन उचललं की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, खोकला आला तरी लुगडं ओलं होतं. मी तिला योजनेतल्या दवाखान्यात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटायला सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो विश्रांतीचा. "किती दिस बसावं लागंल?" ऑपरेशन झालं तर सहा आठवडे जड उचलता येणार नाही म्हटल्यावर तिनं कागदं पुन्हा कॅरीबॅगेत कोंबली. तेवढ्या दिवसांच्या मजुरीचे पैसे यांतली एकही योजना देत नाही. दसऱ्याला मुकादम येणार होता आणि पहिल्या ऑपरेशनची उचल अजून फिटायची होती.