हळद्याचे जमा खाते

पर्युषण आटोपल्यावर दुकानाच्या माळ्यावरील जुन्या वह्या काढून साफसफाई करण्याची सिल्लोडच्या त्या घराण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी ती करीत असताना बासष्ट वर्षांच्या शेठजींच्या हाती विक्रम संवत २०२८ ची खतावणी लागली. लाल कापडाची बांधणी कुरतडलेली, पण वडिलांचे अक्षर जसेच्या तसे. पान उलटता उलटता ते एका खात्यावर थांबले. हळदा गावच्या एका शेतकऱ्याने चैत्रात ३४० रुपये दुकानात ठेव म्हणून ठेवले होते. जमेच्या बाजूला रक्कम होती. नावेची बाजू कोरी होती. पुढच्या तीन वर्षांच्या वह्या त्यांनी पाहिल्या. ठेव परत केल्याची नोंद कोठेही नव्हती.

संवत्सरीला त्यांनी सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले होते. पण ज्याचे देणे आहे त्याला नुसती क्षमा मागून भागते काय, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. त्यांनी दरसाल दर शेकडा ६ या दराने ५२ वर्षांचे व्याज काढले. सरळ व्याजाने रक्कम चौदाशेच्या घरात येत होती, चक्रवाढीने सात हजारांच्या थोडी पुढे. त्यांनी चक्रवाढीचा आकडा धरला.

मुलाने सुचविले, "पप्पा, पत्ता काढू, मोबाइलवरून पैसे पाठवून देऊ." शेठजींना ते पटले नाही. त्यांचे वडील वसुलीची फेरी उंच दांड्याच्या काळ्या सायकलवर करीत. सिल्लोडहून गोळेगाव, उंडणगाव, हळदा. तेथून वेताळवाडीचा घाट सायकल हाती धरून उतरायचा, सोयगाव, फर्दापूर, आणि मग अजिंठ्याचा घाट चढून परत. ही सारी फेरी शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. ज्या वाटेने वडील देणे मागायला जात, त्याच वाटेने देणे फेडायला जावे, असे शेठजींनी ठरविले. गुडघ्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गिअरची सायकल घरात होतीच. मुलाने कपाळाला हात लावला.

ऑक्टोबरच्या आरंभी एका पहाटे नवकार मंत्र म्हणून ते निघाले. पाठीवरच्या पिशवीत खाकरे, मेथीच्या दशम्या, फुटाणे, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि पैशांचे पाकीट होते. गोळेगावी पोहोचेपर्यंत नवकारसीची वेळ झाली होती. तेथे पारणे करून त्यांनी महामार्ग सोडला. दोन्ही बाजूंस कापसाची बोंडे फुटू लागली होती, मक्याची कणसे वाळत होती, मिरचीच्या वाफ्यांत बायका तोडणीला लागल्या होत्या. उंडणगावानंतर रस्ता चढ-उतारांचा होतो. एक चढ संपला असे वाटते तोच दुसरा समोर उभा राहतो, आणि व्यापाराप्रमाणेच येथेही उतारावर मिळविलेला वेग पुढच्या चढात खर्ची पडतो.

याच डोंगररांगेत जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणे आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात ते खोदविले आणि तशी नोंद शिलालेखात करून ठेवली. अजिंठ्याचे सोळावे लेणेही त्याच्याच दानातले. दीड हजार वर्षांनंतर दात्याचे नाव वाचता येते ते त्या नोंदीमुळे. नोंदीचे महत्त्व व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हळद्यात ठेवीदार शेतकऱ्याचे घर सापडायला वेळ लागला. तो केव्हाच निवर्तला होता. पंचाहत्तरीच्या घरातील त्याची सून ओसरीवर शेंगा निवडीत बसली होती. शेठजींनी ओळख सांगितली, वहीच्या पानाची प्रत दाखविली आणि पाकीट पुढे केले.

म्हातारीने ते हाती घेतले नाही. ती म्हणाली, "शेठ, काही तरी चुकतंय तुमचं. देणं आमच्याकडं राहिलंय. बहात्तरच्या दुष्काळात तुमचे वडील वसुलीला आले होते. घरात चूल पेटत नव्हती. मागं न मागता निघून गेले आणि आठ दिवसांनी बैलगाडीतून दोन पोती ज्वारी धाडली. मामंजी मरेपर्यंत म्हणायचे, शेठची ज्वारी फेडायची राहिली."

शेठजी स्तब्ध झाले. १९७२ सालच्या त्या अवर्षणात त्यांचे वय नऊ-दहा वर्षांचे होते. वडील एकदा सायकलवरून रिकाम्या हाताने परतले होते आणि आईने काही विचारताच नुसते "पाऊस नाही" एवढेच म्हणाले होते, हे त्यांना आठवत होते. ज्वारीची गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या माणसाने ती दोन पोती कोणत्याच वहीत लिहिली नव्हती.

"मावशी, ती ज्वारी उधार नव्हती. उधार असती तर वडिलांनी नावे टाकली असती," शेठजी म्हणाले.

"आणि ती ठेव आमची असती तर मामंजींनी मागितली असती," म्हातारीने उत्तर दिले.

दोन्ही बाजूंनी आपणच देणेकरी असल्याचा हा वाद बराच वेळ चालला. शेजारचे चार लोक जमले. अखेर म्हातारीने तोड काढली. मूळचे ३४० रुपये तिने पदराला बांधले आणि व्याजाची रक्कम गावातील गुरांच्या पाण्याच्या हाळाच्या दुरुस्तीला द्यावी असे सांगितले. जीवदयेचे काम म्हटल्यावर शेठजींना नाही म्हणता येईना. निघताना तिने सायकलला मक्याच्या कणसांची जुडी बांधून दिली.

या सगळ्यात दुपारचे बारा वाजले. वेताळवाडीचा घाट सुरू झाला. डोंगरमाथ्यावर किल्ल्याचे तट व बुरूज उभे होते. अजिंठ्याची ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. दक्षिणेकडे पडलेला थेंब पूर्णेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो. उत्तरेकडचा तापीमार्गे अरबी समुद्राला. ओल्या रस्त्यावर वाणी किडे वळवळत होते. त्यांच्यावर चाक जाऊ नये म्हणून शेठजींनी अर्धा उतार सायकलवरून उतरून पायीच केला. सोयगावात ऊन खानदेशाचे होते. फर्दापूरला पोहोचेपर्यंत तीन वाजले आणि उजवा गुडघा बोलू लागला.

अजिंठ्याचा घाट त्यांना पेलवला नाही. पहिल्या काही वळणांनंतर ते उतरले आणि सायकल ढकलू लागले. एका टेम्पोवाल्याने थांबून "बाबा, बसा" म्हटले. त्यांनी हात जोडले. चातुर्मास संपला की साधू-साध्वी असेच घाट अनवाणी चढून विहार करतात. आपल्या पायांत तर बूट आहेत, हा विचार त्यांना वरपर्यंत घेऊन गेला.

अजिंठा गावच्या जुन्या तटाजवळ ते पाचच्या सुमारास टेकले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली, तेव्हा इंग्रज फौजेच्या जखमींना याच गावी आणून ठेवले होते. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षे घालविणारा मेजर रॉबर्ट गिल येथेच राहिला. त्याची बरीच चित्रे १८६६ साली लंडनजवळ आगीत जळाली. त्याची सोबतीण पारो हिची १८५६ सालची कबर मात्र गावात आहे. काय टिकेल आणि काय जाईल, हे माणसाच्या हाती नसते.

सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे होता. शेठजींनी दशमी खाल्ली, पोटभर पाणी प्यायले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. आता घरापर्यंतचा सारा रस्ता पाण्याच्या थेंबाविना काढायचा होता. गोळेगावच्या अलीकडे पूर्ण अंधार पडला. तेथे रस्त्याच्या कडेला मुलगा मोटार घेऊन उभा होता.

"पप्पा, बसा आता. पैसे पोहोचले ना?"

"पैसे पोहोचले. फेरी राहिली आहे."

मुलगा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग काही न बोलता मोटारीत बसला आणि सिल्लोडपर्यंत सायकलच्या मागे सावकाश चालत राहिला. दिव्यांचा उजेड वडिलांच्या पुढच्या रस्त्यावर पडेल एवढे अंतर त्याने शेवटपर्यंत राखले. वाटेत त्यांनी त्याला हळद्याची हकीकत सांगितली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सामायिक झाल्यावर सांगितली.

त्या सकाळी मुलाने स्वतःहून जुनी खतावणी उघडली आणि ५२ वर्षे कोऱ्या राहिलेल्या बाजूला ३४० रुपये नावे टाकून खाते बंद केले. त्याने विचारले, "आणि ज्वारी? ती कोठे लिहू?"

शेठजींनी वही मिटून पुन्हा लाल कापडात बांधली. ज्वारीची नोंद त्यांनीही केली नाही.