तगरचा अभिमान आणि तेरची पोरं

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या तशाच भरून जातात आणि त्यांत आपल्या वस्त्यांतली पोरं असतात. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्यांना 'आकांक्षित' म्हणजे सरळ भाषेत मागास ठरवलं, त्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला एक.

वर्तमान असं असलं की माणूस इतिहासाकडे वळतो. आपले कार्यकर्तेही वळतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलेलं आहे. तिथलं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं हेन्री कझिन्सपासून अभ्यासक सांगत आले आहेत. हा वारसा ठणकावून सांगितलाच पाहिजे.

पण तगर मोठं कुणामुळे झालं? विणकरांच्या, मणी घडवणाऱ्यांच्या, विटा भाजणाऱ्यांच्या हातांमुळे. त्यांच्या मालाला बाजार होता. त्या काळी कार्ल्याच्या लेण्यात सुताराचं नाव दाता म्हणून कोरलं गेलं. जुन्नरला धान्यविक्यांची श्रेणी दान देत होती. पुढे व्यापार आटला, शहराचं गाव झालं. लेण्याच्या भिंतीवर ज्याचं नाव होतं, तो कारागीर जातीत बांधला गेला आणि बलुत्यासाठी दारात उभा राहिला. शहर बुडतं तेव्हा इमारतींच्या आधी कष्टकऱ्याची प्रतिष्ठा बुडते.

याच भागात, कसबे तडवळे इथे, फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतनाची गुलामी तोडा, ही त्यांची १९२८ च्या वतन बिलापासूनची भूमिका. गाव सोडून शहरात जा, असंही ते सांगत. पण जवळच्या शहरात कामच नसेल तर? ढोकीचा तेरणा साखर कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. तेव्हा सभासदांच्या उसावर भाषणं झाली. ज्याच्याकडे ऊसही नाही आणि शेतही नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीवर किती झाली?

म्हणून मित्रांनो, तगरचा अभिमान मागणीत उतरवू या. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून निम्मे पैसे अभ्यासिकेला द्या. आणि प्रत्येक मंडळाने एकच निवेदन द्यावं: अनुसूचित जातींसाठीचा विकासनिधी या जिल्ह्यात कुठे खर्च झाला, त्यातून किती हातांना काम मिळालं? उत्तर लेखी घ्या आणि वस्तीत जाहीर वाचा.

जय भीम.