पाहुण्यांसाठी कमी तिखट

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे येणार असले, की त्या घरातल्या माणसांपेक्षा शेजाऱ्यांचीच जास्त धांदल उडते. मग अख्ख्या शहराकडेच पाहुणे येणार म्हटल्यावर माझे काय झाले असेल, याची कल्पना करा.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. जी-२० मधल्या महिलांच्या गटाची, म्हणजे डब्ल्यू-२० ची, पहिली बैठक आमच्याकडे भरणार होती. तारखा २७ आणि २८. त्याच दिवसांत सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव. जालना रोड आठ दिवसांत असा काही नटला, की वीस वर्षे त्याच रस्त्याने बँकेत जाणारा मी एकदा चक्क माझे वळण चुकलो.

मी बी.कॉम. आहे, आणि बँकेत कारकून आहे. त्यामुळे धंद्यातले मला सगळे कळते, असा गल्लीचा समज आहे. मी स्वतः कधी धंदा केलेला नसल्यामुळे तो अजून टिकून आहे. साहजिकच गल्लीतल्या दुकानदारांनी मला गाठले. नाही म्हणजे, खरे सांगायचे तर मीच त्यांना गाठले.

माझा हिशेब सोपा होता. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. २७ तारखेला सोमवार होता आणि २८ ला मंगळवार! म्हणजे पाहुण्यांना लेणी बंद. बीबी का मकबरा बघायला कितीसा वेळ लागतो? तासभर. मग पुढे? पुढे बाजार! (एक बंद असले तरी दुसरे उघडे असते, हा बारीक मुद्दा मी धरला नव्हता. ताळेबंद जुळवायचा म्हटला की असे बारीक मुद्दे सोडावे लागतात.)

पहिला सल्ला जनरल स्टोअर्सवाल्या शेठजींना दिला. ‘पाटी इंग्रजीत करून घ्या.’ त्यांनी पेंटरला बोलावून दुकानाचे नाव आणि खाली मोठ्ठे ‘औरंगाबाद’ इंग्रजीत रंगवून घेतले. रंग वाळला, आणि २४ तारखेला, शुक्रवारी, शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आली. शनिवारी पेंटर पुन्हा शिडीवर. ‘छत्रपती संभाजीनगर’ इंग्रजीत लिहायचे तर अक्षरे वाढली, पाटी तेवढीच. शेवटची तीन अक्षरे नालीच्या पाइपावर गेली. त्या आठवड्यात गल्लीत कमाई झाली ती फक्त पेंटरची.

मग हिमरूवाले चाचा. कापूस आणि रेशीम एकत्र विणलेल्या त्या शालींचे दुकान त्यांच्या वडिलांपासूनचे. मी त्यांना परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायची दहा इंग्रजी वाक्ये एका कागदावर देवनागरीत लिहून दिली. चाचांनी कागद डोळ्यांना लावला, नीट घडी करून खिशात ठेवला, आणि एक शाल माझ्या खांद्यावर टाकून तिचा भाव मला इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि बहुधा फ्रेंचमध्ये सांगितला. चाळीस वर्षे मकबरा बघून येणाऱ्यांना ते शाली विकत होते. मी विषय बदलून क्यूआर कोडकडे वळलो.

तिथेही माझे नशीब. रिझर्व्ह बँकेने जी-२० देशांतल्या प्रवाशांना यूपीआयची सोय दिली होती खरी, अगदी २१ फेब्रुवारीपासून. पण ती सुरुवातीला फक्त मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूच्या विमानतळांवर. यादी मी दोनदा वाचली. आमचे चिकलठाणा तीत नव्हते.

‘चाचा, रोखच घ्या,’ मी म्हणालो.

‘तेच घेत आलोय, साहेब,’ चाचा म्हणाले.

इथवर सगळे हसण्यावारी गेले असते. पण मी भज्यांच्या गाडीवाल्या मामांनाही सल्ला दिला होता.

मामांनी पीएम स्वनिधीचे पहिले दहा हजार वेळेवर फेडले होते. दुसरे वीस हजार मिळत होते, पण ते घ्यायला धजत नव्हते. ‘घ्या हो मामा, अशी संधी पुन्हा येत नाही,’ असे काउंटरच्या आतून मीच म्हणालो. काउंटरच्या आतून बोललेले शब्द बाहेरच्याला छापील वाटतात. मामांनी स्टीलचे टेबल केले, नवी शेगडी आणली, टोपी आणली, हातमोजे आणले. ‘तिखट कमी करा, परदेशी माणसाला सोसत नाही,’ हेही मीच सांगितले. बिनमिरचीच्या भज्यांचा पहिला घाणा गल्लीने खाल्ला, आणि कोणी काही बोलले नाही. मामींनी फक्त एकदा माझ्याकडे बघितले.

शनिवारी संध्याकाळी मामांना निरोप आला. मंगळवारपर्यंत मोठ्या रस्त्यावर गाडी दिसता कामा नये. कोणी आणला, कोणाचा होता, ते राहू द्या. निरोप आणणाराही बिचारा आधी भजी खाऊन मग बोलला.

सोमवारी संध्याकाळी बँक सुटल्यावर मी क्रांती चौकात गेलो. गर्दीत मामा उभे होते, टोपी घालून. गाडी गल्लीत ताडपत्रीखाली होती. पुढे पोलिसांची मोटार, मागे बसगाड्या, सगळा ताफा अर्ध्या मिनिटात गेला. एका बसच्या खिडकीतून एका बाईंनी हात हलवला. मामांनीही हलवला. हातात नवा मोजा होता.

परत येताना मी म्हणालो, ‘मामा, माझं चुकलं.’

‘तुमचं काय चुकलं साहेब? पाहुणे आले ना!’

शेठजींची पाटी अजून तशीच आहे. चाचांच्या दुकानात त्या आठवड्यात महोत्सवाला आलेले जालन्याचे एक जोडपे शाल घेऊन गेले. दहा वाक्यांपैकी एकही वापरावे लागले नाही. मामांनी मात्र अठराच्या अठरा हप्ते माझ्याच काउंटरवर तारखेला भरले. दर महिन्याला मी पावती देताना खाली बघत असे, आणि शाई नसलेल्या शिक्क्याकडे जास्तच लक्ष देत असे. ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटचा हप्ता भरून झाल्यावर त्यांनी पावती खिशात घातली आणि विचारले, ‘साहेब, पुढचे पाहुणे कधी?’

मी तेव्हापासून, नव्हे त्याच्याही आधीपासून, रोज संध्याकाळी मामांकडे एक प्लेट भजी घेतो. डॉक्टरांनी तेलकट बंद सांगितले आहे, सौ. विचारते तेव्हा मी हप्ता भरून आलो म्हणून सांगतो. मामा गिऱ्हाइकांना पूर्वीसारखी झणझणीत भजी देतात. माझ्यासाठी मात्र चार भजी वेगळी काढलेली असतात, बिनमिरचीची.

‘तुमच्या सांगण्याप्रमाणे केलीत, साहेब,’ असे म्हणून ते प्लेट पुढे करतात. मी ती मुकाट्याने खातो.