नेम चुकू लागला तर साइट बदलावी की डोळे तपासावेत?

आधीच सांगतो, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. मी फिजिशियन, ताप, रक्तदाब, मधुमेह, दमा हे माझं रोजचं काम. तरीही आज रायफलच्या साइटबद्दल लिहितोय, कारण त्या नादात माझ्याकडून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये.

कॉलेजात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफलने नेम धरायला शिकलो. "फोरसाइटची टीप स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल," असं आमचे हवालदार दर वेळी ओरडून सांगायचे. पुढे एमबीबीएस, एमडी, दवाखाना, संसार यांत तीसएक वर्षं निघून गेली. आमच्या कोल्हापूरकडे नेमबाजीचं वेड तसं जुनंच. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, आणि रेंजवर शाळकरी मुलांची रांग लागली. त्या रांगेच्या शेवटी पन्नाशी उलटलेला मीही उभा राहिलो. १० मीटर एअर रायफल शिकायला.

पहिल्याच दिवशी कळलं, की हवालदारांचा नियम आता माझ्या डोळ्यांना पाळता येत नाही. क्लबची सरावाची जुनी रायफल उघड्या साइटची होती. मागे खाच, पुढे टीप. दूरचा चष्मा लावला तर टार्गेट स्वच्छ आणि टीप कापसाच्या बोळ्यासारखी. वाचायचा चष्मा लावला तर टार्गेटच गायब.

चाळिशीनंतर काय होतं?

डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचिक असतं. जवळचं बघताना ते फुगतं, दूरचं बघताना चपटं होतं. वयानुसार ते कडक होत जातं. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात जवळ-दूर जुळवून घेण्याची ताकद साधारण १२ ते १४ डायॉप्टर असते. पन्नाशीत ती दोनच्या आसपास उरते. हीच आपली चाळिशी. हा आजार नव्हे, केस पिकण्यासारखंच आहे.

उघड्या साइटने नेम धरताना तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात. खाच हातभर अंतरावर, टीप साधारण मीटरभर आणि टार्गेट त्याहून कितीतरी लांब. तरुण डोळा या तिघांमध्ये इतक्या झटकन ये-जा करतो, की तिन्ही एकदम दिसतात असं वाटतं. आपल्या डोळ्याला ती धावपळ जमत नाही. शिवाय वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून अंधाऱ्या रेंजवर त्रास जास्त.

मी काय काय करून पाहिलं

पहिला उपाय पीप साइटचा, म्हणजे मागे खाचेऐवजी बारीक छिद्र. त्या छिद्राकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं. छिद्राच्या मध्याला नजर आपोआप येते, त्यामुळे तीनपैकी एक गोष्ट कमी झाली. शिवाय कडेचे पसरट किरण अडतात आणि जवळचं व दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. कॅमेऱ्याचं तोंड बारीक केल्यावर फोटोत पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं, तसंच हे. मात्र छिद्र फार लहान केलं तर उजेड कमी होतो. म्हणून छिद्र लहान-मोठं करता येईल अशी साइट घ्यावी आणि साधारण १.१ मिलिमीटरपासून सुरुवात करावी.

दुसरा उपाय पुढच्या रिंगचा. टार्गेटचा काळा गोल या रिंगच्या मधोमध धरायचा असतो. तरुण मुलं घट्ट रिंग वापरतात. मला तसं केल्यावर काळा गोल आणि रिंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसायचे. मोठी रिंग घातली, दोघांमध्ये पांढरी जागा वाढली आणि डोळ्याचा ताण उतरला. रिंग बदलायला फारसा खर्च येत नाही, म्हणून महागड्या साइटच्या आधी ती बदलून बघा.

तिसरा उपाय चष्म्याचा, आणि मला सर्वांत जास्त फायदा यानेच झाला. प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे कामाचा नाही, कारण रायफलवर गाल टेकला की आपण काचेच्या कोपऱ्यातून बघतो. एकाच नंबरची काच हवी. दूरच्या नंबरात साधारण +०.५० मिळवला की मीटरभरावरची रिंग स्वच्छ दिसते आणि टार्गेटही पुरेसं दिसतं. डोळ्यापासून रिंगपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि नंबर काढताना ते सांगा. स्पर्धेत उतरायचं असेल तर लक्षात ठेवा, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नंबरची काच चष्म्यात चालते, रायफलवर बसवलेली चालत नाही.

दुर्बीण आणि रेड डॉट यांबद्दलही लोक विचारतात. दुर्बिणीत टार्गेट आणि फुलीची रेघ एकाच अंतरावर दिसतात, त्यामुळे चाळिशीच्या डोळ्याला ती सर्वांत सोपी. पण १० मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही. रेड डॉटचा ठिपका लांब असल्यासारखा दिसतो, म्हणून नजर फक्त टार्गेटवर ठेवायची. तो ठिपका तुम्हाला फुटलेला किंवा शेपटी असल्यासारखा दिसला, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर साइट ठीक आहे. दोष बहुधा आपल्या डोळ्यातल्या सिलिंड्रिकल नंबरचा असतो.

सुभेदारांची चेपलेली रिंग

एवढं सगळं शिकल्यावर मी रेंजवरचा साइटतज्ज्ञ झालो. समवयस्क मंडळी मला विचारून खरेदी करू लागली. त्यांत एक निवृत्त सुभेदार होते. साठी ओलांडलेली, बारा वर्षांचा मधुमेह, आणि मधुमेहासाठी माझेच पेशंट.

जुलैमध्ये ते म्हणाले, "डॉक्टर, रिंग चेपल्यागत दिसतीया. साइटच बदलावी म्हणतोय."

मी हसलो. म्हणालो, "सुभेदारसाहेब, वय झालं. मोठी रिंग घाला, छिद्र थोडं उघडा." त्यांनी दोन्ही केलं. फरक पडला नाही. मग माझ्याच सांगण्यावरून त्यांनी महागडी साइट मागवली. ती यायला ऑक्टोबर उजाडला.

नवी साइट बसवली. त्यांनी नेम धरला आणि रायफल खाली ठेवली. "अजून चेपलेलीच हाय." मी त्यांच्या हातून रायफल घेऊन बघितलं. रिंग अगदी गोल होती.

तेव्हा कुठे माझ्यातला डॉक्टर जागा झाला. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यांना वाचायचा चष्मा लावायला सांगितला, कॅलेंडर जवळ धरलं, डावा डोळा झाकला. "मधल्या तारखेकडे बघा. चौकटीच्या रेघा कशा दिसतात?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मधल्या रेघा पाण्यात पडल्यागत हलत्यात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तक्ता वाचायला लावला. बारीक छिद्राच्या पट्टीतून बघूनही उजव्या डोळ्याची एकही ओळ वाढली नाही. पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पडद्याच्या मध्यभागी मधुमेहामुळे सूज आली होती.

मी त्यांची साखर दर तीन महिन्यांनी बघत होतो. डोळे तपासायची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वी दिली होती. ते गेले नव्हते आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं. वर त्यांनी स्वतःहून लक्षण सांगितलं, तेव्हा मी त्यांना रिंग बदलायला सांगितली. तीन महिने गेले ते माझ्यामुळे. हे मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे डॉक्टर, आता काय करायचं ते सांगा."

छिद्राची परीक्षा

गंमत अशी, की पीप साइट म्हणजे डोळे तपासायच्या छिद्राचाच भाऊ. बारीक छिद्रातून बघितल्यावर चित्र स्वच्छ झालं, तर दोष बहुधा नंबरचा असतो. चष्म्याने किंवा साइटने काम होईल. स्वच्छ झालं नाही, तर मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांपैकी कशात तरी अडचण असू शकते. तिथे कितीही महाग साइट उपयोगाची नाही.

दुसरं, रोजच्या जगण्यात दोन्ही डोळे उघडे असतात. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. सुभेदार पेपर वाचत होते, स्कूटर चालवत होते. एका डोळ्याने बघायची वेळ फक्त रेंजवर यायची, म्हणून तिथेच दोष दिसला.

रायफलला कधी हात लावणार नसाल, तरी एवढं करा. महिन्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, आळीपाळीने एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या चौकटी बघा. रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग दिसला, दिव्याभोवती वलय दिसू लागलं किंवा चष्म्याचा नंबर भराभर बदलू लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. अचानक पडदा ओढल्यासारखं झालं किंवा प्रकाशाचे झोत चमकले, तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल, तर काहीही त्रास नसताना वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी हवीच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ती झाली असं नाही.

सुभेदारांना डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. साखर आणि रक्तदाब आम्ही दोघांनी मिळून आटोक्यात आणला. नजर बरीच सुधारली, पूर्ण नाही. रिंग अजून एका बाजूला किंचित दबलेली दिसते म्हणतात. रविवारी येतात, नव्या साइटने नेम धरतात. कुणी खरेदीचा सल्ला मागितला की माझ्याकडे बोट दाखवत नाहीत, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या हातात देतात.

मी माझ्या प्रत्येक मधुमेही पेशंटच्या फाइलवर आता पहिल्याच पानावर एक रकाना ठेवला आहे: पडद्याची तपासणी, तारीख. तुमच्या फाइलवर तो नसेल, तर तुम्हीच लिहून आणा.