वीस वर्षांची गाडी

माझे एक स्नेही म्हणतात, की जुनी मोटार आणि जुने दुखणे यांविषयी चारचौघांत बोलू नये. ऐकणारा लगेच स्वतःचे सांगू लागतो. मत रास्त आहे. पण आमच्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत असल्याने मला ते पाळता येत नाही.

आमची मारुती आठशे २००५ सालची. मी ती सात वर्षांनी सेकंडहँड घेतली. ही जातच आता संपली आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मालकाच्या हाती किल्ली पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये हिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, बारा इंची चाके. शिवणयंत्राला पत्र्याची खोली बांधावी तसा थाट. ज्या शहराने २०१० साली एका दमात दीडशे मर्सिडीज घेऊन वर्तमानपत्रांत नाव कमावले, त्या शहरात ही घेऊन जालना रोडवर निघणे म्हणजे थाटाच्या लग्नात विटक्या सदऱ्याने जाणे. सदरा धुतलेला असतो, एवढेच.

पण मला ती जालना रोडसाठी नको आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मंगळवारी आणि शुक्रवारी शहरात डायलिसिसला आणावे लागते, आणि ते खुलताबादचे घर सोडायला तयार नाहीत. पहाटे त्यांना आणायचे, दुपारी शाळा सुटल्यावर परत पोचवायचे. परतीच्या वाटेवर दौलताबादच्या किल्ल्याचा दरवाजा लागतो आणि मग घाट. वेरूळला निघालेल्या बसगाड्या त्या दरवाजात अडकल्या, की आमची खरी परीक्षा सुरू होते. गाडी धावत असते तोवर वारा रेडिएटर थंड ठेवतो; उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर. गेल्या एप्रिलात नेमका तो पंखा फिरेनासा झाला आणि उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला.

अशा वेळी करायची एक युक्ती आमच्या मिस्त्रींनी, उस्तादांनी, मला कधीच शिकवून ठेवली होती: हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाचे गरम पाणी त्याच्या नळ्यांतून फिरते आणि थोडी उष्णता आत गाडीत येते. बाहेर बेचाळीस अंश, आत भट्टी. माझा सदरा अंगाला चिकटलेला. डायलिसिसनंतर अण्णांना मात्र हुडहुडी भरते. ते शाल काढून म्हणाले, "आज गाडीत बरं वाटतंय रे."

उस्तादांनी दुसऱ्या दिवशी पंख्याची तार थेट डॅशबोर्डावरच्या एका बटणाला जोडून दिली. "गाडी नहीं थकी सर, पंखा थका था," म्हणाले. मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून मला दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले असते, तर हेड गॅस्केट गेली, पाणी ऑइलात उतरले, असे समजायचे. हेड ॲल्युमिनियमचे, फार तापले की वाकते, मग ते उतरवून घासून आणावे लागते आणि सात-आठ हजारांना मरण नसते. आमचे ऑइल काळेच होते. काळ्या रंगाचा इतका आनंद मला पूर्वी झाला नव्हता.

मी हिशेबाची वही ठेवतो. गेल्या वर्षी क्लचप्लेट मजुरीसह ४,२००, क्लचची तार ३५०, बॅटरी ३,६००, दोन टायर ५,४०० (एका कादंबरीचे मानधन), रेडिएटर धुणे आणि पंखा २,३००, खालचा पत्रा ४,५००. एकूण २०,३५०. भंगारवाला गाडीचे अठरा हजार देतो. गाडीच्या किमतीपेक्षा तिची दुरुस्ती महाग, म्हणून मेहुणे हसतात. नव्या गाडीचा हप्ता महिना साडेआठ हजार, हे ते सांगत नाहीत. आणि भाड्याच्या गाडीला एका दिवसाचे दीड हजार धरले, तर वर्षाच्या १०४ फेऱ्यांचे काय होतात, ते मी माझ्या दहावीपुरत्या गणिताने त्यांना दोनदा मांडून दाखवले आहे.

पत्र्याचे मात्र निराळे. इंजिन बिघडले तर आवाज करते. गंज काही बोलत नाही. पावसाचे पाणी पायपोसाखाली मुरते आणि वरचा रंग शाबूत असतानाच खालचा पत्रा पापडासारखा होतो. अण्णांच्या पायाशी भोक पडले, ते त्यांनीच शोधले. "सत्तर वर्षं या घाटातून जातोय," ते म्हणाले, "पण पायाखालून जाताना आज पाहिला." उस्तादांनी नवा पत्रा कापून वेल्डिंग केले. डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून शेवटचे टाके त्यांनी पोराकडून मारून घेतले. ते दोन वर्षांनी गॅरेज बंद करणार आहेत. त्यांचा मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात लागला आहे. तिथे बिघाड संगणक सांगतो. आमच्या गाडीचा बिघाड उस्ताद बॉनेटवर तळहात ठेवून सांगतात.

आता नोंदणीचे आले आहे. पंधरा वर्षे झाली तेव्हा नूतनीकरणाला सहाशे रुपये शुल्क होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले आणि वीस वर्षे ओलांडलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे मलाही पटते. शाळेत मी मुलांना तेच सांगतो. पण दहा हजार म्हणजे माझ्या वहीतले अर्धे वर्ष.

गेल्या शुक्रवारी घाट चढताना अण्णांना हे सांगितले. त्यांनी विचारले, "दहा हजारांत किती वर्षांची देतात?"

"पाच."

ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "दोनाची मिळत नाही का?"

"नाही अण्णा. पाचाचीच देतात."

"बरं," ते म्हणाले. "पंख्याचं बटण दाबलंस का? पुढे बस उभी दिसते."