वाळ्याचा सुगंध आणि मेणाचा उजेड

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा फार तर अंगणातली फुलझाडे, एवढीच कल्पना आमच्या भंडाऱ्यात रूढ. मेणबत्ती दुकानातून आणायची आणि वेदीपुढे, कबरीवर किंवा वीज गेल्यावर लावायची. ती घरी करायची, तीही सुगंधी, हे ऐकून शेजाऱ्यांना हसू आले. एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तर स्पष्टच विचारले, "प्रार्थनेच्या मेणबत्तीला अत्तराचा थाट कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर इतिहासात सापडते. ख्रिस्तमंदिरात शतकानुशतके मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या जळत आल्या. पुनरुत्थानाच्या जागरणरात्री पास्काच्या मेणबत्तीपुढे जे स्तुतिगीत गायिले जाते, त्यात मधमाश्यांच्या श्रमाचाही उल्लेख आहे. या मेणाला मधाचा मंद वास असतो. युरोपातील गरिबांच्या घरी मात्र जनावरांच्या चरबीची मेणबत्ती धूर आणि दुर्गंधी पसरवी. १८३० साली कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पॅराफिन वेगळे केले; पुढे ते खनिज तेलापासून स्वस्तात मिळू लागले आणि स्वच्छ, वासरहित मेणबत्ती घरोघरी पोहोचली. मेणबत्तीला वास नसणे हीच खरे तर अलीकडची गोष्ट!

दुसरे उत्तर आमच्या घरातच होते. काचबिंदूने बाबांची दृष्टी हळूहळू गेली. त्यानंतर रात्रीच्या जपमाळेला ते आमच्यात येऊन बसेनात. "मला दिवस काय अन् रात्र काय! तुम्ही आटोपून घ्या," असे म्हणून ते कूस बदलीत. त्यांचा आवाज नसल्याने आमची प्रार्थनाही उरकल्यासारखी होऊ लागली.

त्याच हिवाळ्यात आम्ही मेण वितळवू लागलो. हे काम थंडीतच बरे. वैशाखात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की तयार मेणबत्त्यादेखील माना टाकतात. मेणाचे भांडे आम्ही थेट आचेवर कधीच ठेवत नाही. मोठ्या पितळी गंजात पाणी उकळायचे आणि त्यात मेणाचे लहान भांडे ठेवायचे. मेणाने चुकून पेट घेतलाच, तर पाणी न ओतता आच बंद करून झाकण घालायचे, हे मुलांनाही पाठ आहे. मेण सत्तर-पंचाहत्तर अंशांवर आले की शंभर ग्रॅमला सहा ग्रॅमच्या आसपास सुगंधी तेल घालून सावकाश ढवळायचे. गुलाबपाणी किंवा सरबताचा इसेन्स इथे चालत नाही. त्यातले पाणी मेणात मिसळत नाही आणि वात तडतडते. मग जाड काचेच्या ग्लासात मधोमध सुती वात ताणून धरायची आणि मेण ओतायचे. निवताना वातीभोवती खळगा पडतो, तो थोडे मेण राखून ठेवून पुन्हा भरायचा.

पहिला सुगंध आम्ही वाळ्याचा निवडला. उन्हाळ्यात कूलरच्या खसाच्या ताट्यांवर पाणी पडले की घरभर दरवळतो, तोच हा वास. आगमनकाळातील एका संध्याकाळी ती मेणबत्ती आम्ही क्रुसापुढे लावली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "डिसेंबरात कूलर कोणी लावला रे?" आम्ही हसलो. बाबा भिंत चाचपीत बाहेर आले, ज्योतीच्या दिशेला तोंड करून बसले आणि क्रुसाची खूण करून त्यांनी स्वतःच जपमाळेला आरंभ केला.

पुढे महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांच्याविषयी आम्ही त्यांना वाचून दाखविले. तरुणपणी दृष्टी गमावलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघात मेणबत्त्या बनविण्याचे शिक्षण घेतले, महाबळेश्वरात हातगाडीवर त्या विकल्या आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'सनराइज कँडल्स' उभी केली. तेथे अनेक दृष्टिहीन हात काम करतात. बाबा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वातीचा गुंडा मागून घेतला.

आता वात मध्यावर आणण्याचे काम त्यांचे. ग्लासाच्या काठावर बोटे टेकवून ते जो मध्य काढतात, तो आम्हा डोळसांना साधत नाही. दोन फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, आशीर्वादासाठी नेण्याच्या मेणबत्त्या आम्ही साध्याच ठेवतो. स्नेह्यांच्या शब्दाचा तेवढा मान. घरातली मात्र सुगंधीच असते. घरातील उजेड घरातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचावा, एवढाच त्यामागील हेतू. ज्याच्या डोळ्यांचे दार बंद झाले, त्याच्याकडे तो दुसऱ्या दाराने जातो.